रोवणीतील कंबर : वाकण्या-उठण्याच्या सवयींविषयी काही विचार

पोळ्याच्या आदल्या सायंकाळी आपण बैलाचे खांदे शेकतो. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या त्या खांद्यांस तूप-हळद चोळावयाची, ऊन हात फिरवावयाचा, हा वाडवडिलांपासूनचा शिरस्ता आहे आणि तो मोठा समंजस आहे. जनावराचा जो अवयव आपल्या कामी येतो त्याची निगा धन्याने राखली पाहिजे, एवढेच त्यात सांगितलेले आहे. परंतु त्याच पोळ्याच्या महिना-दीड महिना आधी जिच्या कंबरेवर आपल्या वर्षाच्या धानाची रोवणी पार पडली, त्या बाईच्या कंबरेची चौकशी किती घरांत होते? बैलाचा खांदा सुजला तर आपण चार दिवस त्यास जुवाखाली देत नाही. बाईची कंबर धरली तर 'रोवणीत कंबर दुखायचीच' असे म्हणून आपण मोकळे होतो. हे दुखणे अटळ आहे की आपल्या वाकण्या-उठण्याच्या रीतीत त्याचे काही कारण आहे, याचा विचार आजवर या पृष्ठांत झालेला नाही. म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

एकोडी व तिच्या आसपासचा साकोली तालुक्याचा मुलूख म्हणजे धानाचा आणि तलावांचा मुलूख होय. कोहळी मंडळींनी बांधलेले जुने तलाव, ज्यांस आता माजी मालगुजारी म्हणजे 'मामा तलाव' म्हणतात, त्यांच्या पाण्यावर आणि पावसावर आपली बांधी पिकते. कापूस-जोंधळ्याच्या मुलखातील शेतकरीही वाकतो. परंतु धानकऱ्याइतके वाकून काम दुसऱ्या कोणासही पडत नसावे. पऱ्हे उपटणे वाकून, रोवणे वाकून, निंदणे वाकून, कापणे वाकून, पेंढ्या बांधणे वाकून. यांतही रोवणी ही सर्वांत कठीण, कारण तेथे बसावयास जागा नाही. पाय पोटरीपर्यंत चिखलात आणि हात पायांच्याही खाली.

ही मेहनत किती आहे याचा हिशेब आपण सहसा करीत नाही. दोन ओळींत २० सेंटिमीटर आणि दोन चुडांत १५ सेंटिमीटर अंतर धरले, तर एका एकरात सुमारे १,३५,००० चूड लागतात. एक एकर दहा बायांनी एका दिवसात रोवला असे धरले तरी एकेकीच्या वाट्यास साडेतेरा हजार चूड आले. प्रत्येक चुडास हात एकदा चिखलात जातो. प्रत्येक वेळी ती उठत नाही, हे खरे. परंतु त्यातच खरी मेख आहे, ती कशी हे पुढे सांगतो.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एकेकाळी ढेकी होती. धान कांडणारी बाई तिच्या आखूड टोकावर पाय देत असे आणि लांब टोकाचे मुसळ वर उचलले जात असे. ज्याने ढेकीवर पाय दिला आहे त्यास ठाऊक आहे की आखूड टोकास बळ फार लावावे लागते. मुसळाच्या वजनाच्या कितीतरी पट भार पायाने द्यावा लागतो. माणसाचे शरीर कंबरेत वाकले म्हणजे ते असेच एक ढेकी होते. कण्याचा खालचा सांधा हा तिचा आस. पुढे झुकलेले धड, डोके व हात हे लांब टोक. आणि कण्याच्या मागे लागून असलेले पाठीचे स्नायू हे आखूड टोक. त्यांचे आसापासूनचे अंतर अवघे पाच-सहा सेंटिमीटर असते. पन्नास किलो वजनाच्या बाईच्या कंबरेवरचा भाग पंचवीस ते तीस किलोंचा भरतो. ती जमिनीशी समांतर वाकली तर त्या भाराचा मध्य आसापासून पाच-सहापट दूर जातो, आणि तो तोलून धरावयास पाठीच्या स्नायूंस दीडशे किलोंच्या आसपास ओढ द्यावी लागते. हातात एक काडीही नसताना ही स्थिती आहे. वरचा भार आणि मागची ओढ हे दोन्ही मिळून मणक्यांमधील कूर्चेच्या चकत्यांवर दाबले जातात.

स्वीडनचे अस्थिवैद्य आल्फ नॅकेमसन यांनी १९६० नंतरच्या वर्षांत जिवंत माणसाच्या कूर्चेत बारीक सुई घालून हा दाब प्रत्यक्ष मोजला. सरळ उभ्या माणसातील दाब १०० मानला तर उताणे निजल्यावर तो सुमारे २५ होतो, थोडे पुढे झुकून उभे राहिल्यास १५०, आणि हातात वजन घेऊन झुकल्यास २२० पर्यंत जातो, असे त्यांस आढळले. बसण्याविषयीचे त्यांचे आकडे पुढील मोजणीत थोडे बदलले. झुकण्याविषयीची गोष्ट मात्र कायम राहिली.

आता ती मेख. इंग्लंडात १९५० च्या दशकात असे दिसून आले की मनुष्य कंबरेतून पुरता वाकला म्हणजे त्याचे पाठीचे स्नायू काम करणे सोडून देतात. मग भार कोण धरतो? तर हाडांस हाडाशी बांधणारे बंध आणि कूर्चा. बंडीचा दोर जसा ताणून ठेवला तर हळूहळू लांबतो, तसे हे बंध लांबतात. स्नायू थकला तर दुखून सांगतो; बंध लवकर सांगत नाहीत. म्हणून ओणवी बाई तासभर ओणवीच राहू शकते, तिला त्या वेळी फारसे दुखत नाही, आणि ओळ संपवून उठू लागली की मात्र 'आई गं' म्हणून दोन्ही हात कंबरेवर जातात. वीस मिनिटे पुरते वाकून राहिल्यास बंधांस आलेली ढिलाई दोन मिनिटांच्या विसाव्यात जेमतेम अर्धी भरून येते, आणि अर्ध्या तासानेही थोडी उरते. या अवस्थेत कणा अत्यंत हळवा असतो. रोवणीच्या दिवसांत उसण भरते ती पुष्कळदा रोवताना नव्हे, तर रोवून उठल्याबरोबर पऱ्ह्यांची ओली पाटी डोक्यावर घेताना किंवा चिखलात रुतलेल्याचा हात ओढताना.

म्हणून पहिला नियम असा की ओणव्या कामावरून उठल्याबरोबर जड वस्तू उचलू नये. दोन-तीन मिनिटे सरळ उभे राहावे, तळहात कंबरेवर ठेवून हळूच मागे झुकावे, चार पावले चालावे, मग उचलावे. याहून स्वस्त औषध आम्हांस ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट पहाटेची. रात्री निजल्यावर मणक्यांमधील कूर्चा पाणी शोषून फुगते. त्यामुळे सकाळी उठल्यावर माणूस रात्रीपेक्षा एक-दीड सेंटिमीटर उंच भरतो. दिवसा ती उंची पुन्हा दबते, आणि त्यातील बराच भाग उठल्यावर पहिल्या तासा-दोन तासांतच दबतो. फुगलेल्या स्थितीत कूर्चा वाकवणीस नाखूष असते. १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जुनी कंबरदुखी असलेल्या लोकांस सकाळी उठल्यावर पहिले काही तास कंबरेत वाकणे टाळावयास सांगितले, एवढ्यानेच त्यांचे दुखणे कमी झाले. आपल्याकडे नेमके उलट आहे. पऱ्हे उपटावयाचे काम आपण भल्या पहाटे सुरू करतो. बाया येण्यापूर्वी पेंड्या बांध्यांत पडल्या पाहिजेत, ही अडचण आम्हांसही कळते. तथापि अंथरुणातून उठून थेट खारीत उतरण्याऐवजी आधी गोठ्यातील, चालण्याची, पाणी पाहण्याची कामे उरकावीत आणि मग पऱ्ह्यांस हात घालावा, एवढी अदलाबदल कोणासही करता येईल. पऱ्हे गादीवाफ्यावर टाकले असतील तर माती भुसभुशीत राहते व रोप सहज निघते. सपाट, घट्ट चिखलाच्या खारीतून ते हिसडे देऊन उपटावे लागते, आणि प्रत्येक हिसडा कंबरेस पोचतो. गादीवाफ्याची शिफारस आजवर रोपाच्या हितासाठी झाली. माणसाच्या हिताचेही ते आहे.

आता प्रत्यक्ष रोवणीविषयी. चिखलात वाकल्यावाचून रोवणे होत नाही, तेव्हा 'वाकू नका' असे सांगणे मूर्खपणाचे होईल. वाकण्याच्या मात्र दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे गुडघे ताठ ठेवून पाठ धनुष्यासारखी गोल करून वाकणे. दुसरी म्हणजे पाय थोडे फाकून, गुडघे किंचित लवचीक ठेवून, मांड्यांच्या वरच्या सांध्यातून म्हणजे खुब्यातून वाकणे, की ज्यात पाठ पाटीसारखी लांब राहते. दुसऱ्या तऱ्हेत भार मांड्यांच्या व ढुंगणाच्या मोठ्या स्नायूंवर जातो. आपल्या गावांतील मुरलेल्या रोवणाऱ्या बायांस नीट न्याहाळून पाहावे. त्यांपैकी कित्येक जणी पऱ्ह्यांची जुडी धरलेल्या डाव्या हाताचे कोपर डाव्या मांडीवर टेकवून रोवतात. हे आळसाचे लक्षण नव्हे. त्या टेकूने धडाचा बराच भार पाठीवरून उतरून थेट पायांत जातो. कोणत्याही पुस्तकात न वाचता त्यांनी हे साधले आहे, आणि नव्या सुनांस व मुलींस ते जाणून-बुजून शिकविले पाहिजे. मधूनमधून टेकू बदलून उजव्या मांडीचा घ्यावा, म्हणजे एकच बाजू पिळली जात नाही.

याहूनही अधिक फरक कामाच्या मांडणीने पडतो, आणि ती मांडणी बाईच्या हाती नसून आपल्या, म्हणजे शेतमालकांच्या हाती असते. पेंड्या बांधीत दूरदूर फेकल्या तर प्रत्येक वेळी ओणव्यानेच कंबर पिळून मागे हात लांबवावा लागतो. वाकणे आणि पिळणे एकाच वेळी घडले म्हणजे कूर्चेस सर्वांत अधिक धोका. पेंड्या हाताच्या टप्प्यात, ओळीच्या मागोमाग पसराव्यात. चिखल फार खोल असला तर प्रत्येक पाऊल उपसून काढावे लागते; चिखलणीनंतर माती बसू दिली तर पाऊलही सुटते आणि चूडही उभा राहतो. रोप फार वाढून गेले की त्याचे ओझे वाढते आणि ते खोचावयास जोर लागतो.

चूडच कमी लावावे लागले तर? कोकणातील भातशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी प्रचारात आणलेल्या चारसूत्री पद्धतीत दोरीवर खुणा करून ठराविक अंतराने रोवतात. मादागास्करमध्ये फादर आंरी द लोलानिए यांच्या खटपटीतून १९८० च्या दशकात निघालेल्या, आपल्याकडे 'श्री' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत कोवळे एकेक रोप २५ सेंटिमीटरच्या चौकोनावर लावतात. तसे केल्यास एकरी चूड सुमारे ६५,००० होतात, म्हणजे वर सांगितलेल्या संख्येच्या निम्म्याहूनही कमी. दोरीने रोवण्यास आरंभी वेळ अधिक लागतो व बाया कुरकुरतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु दोरी सरकविण्याच्या प्रत्येक वेळी सर्व ओळ एकदम उभी राहते, हा लाभ कोणी हिशेबात धरीत नाही. शिवाय ओळीत रोवलेल्या धानात कोनो वीडर किंवा साधे जपानी कोळपे चालते आणि निंदण उभ्याने होते. भारतात जपानी पद्धतीचा मोठा प्रचार १९५३ च्या सुमारास झाला, तेव्हापासून हे कोळपे आपणांस ठाऊक आहे. पण ओळीत रोवलेच नाही तर ते चालवावयाचे कोठे? कोळप्याचा दांडा मात्र चालविणाऱ्याच्या उंचीप्रमाणे असावा. मूठ कंबर व कोपर यांच्या दरम्यान यावी. पुरुषाच्या मापाचा दांडा बाईच्या हाती दिला तर खांदे भरतात, आणि आखूड दांड्याने तेच जुने वाकणे परत येते. गावच्या सुताराचे हे अर्ध्या घटकेचे काम आहे.

रोवणी गुत्त्याने देण्याची चाल आपल्याकडे वाढली आहे. एकराचा ठराव झाला की बाया जिवाच्या कराराने काम उरकतात, कारण लवकर संपले तर दुसऱ्याचे शेत गाठता येते. धुऱ्यावर छत्री धरून उभा असलेला मालक प्रसन्न होतो. परंतु गुत्त्यात उठून कंबर सरळ करणे म्हणजे प्रत्येकीस आपल्याच मजुरीत तोटा वाटतो, आणि एक उठली तर तिची ओळ मागे पडून इतर जणी टोमणे मारतात. या रीतीने चार-पाच आठवडे निघाले म्हणजे चाळिशीची बाई साठीची दिसू लागते. मजूर मिळत नाही म्हणून आपण सारे हाकाटी करतो. ज्यांची कंबर आपण दहा वर्षांपूर्वी मोडली त्या आज कामास येत नाहीत, हेही त्या हाकाटीतील एक कारण आहे. आमची सूचना अशी की गुत्ता ठेवावयाचा तर ठेवावा, परंतु अर्ध्या तासाने दोन मिनिटे सर्वांनी एकदम उभे राहावयाचे, हे ठरावातच घालावे. सर्वांनी एकदम उठल्याने कोणीच मागे पडत नाही. गाण्याच्या कडव्यावर उठण्याची सवय लावली तर घड्याळाचीही गरज नाही. मालकाने त्या वेळी पाण्याची घागर घेऊन यावे. दिवसातून काही वेळ पेंड्या पोचविणाऱ्याने रोवावे आणि रोवणारीने पेंड्या पोचवाव्यात, म्हणजे एकाच अंगावर भार राहत नाही. गरोदर बाईस ओणव्या कामास व डोक्यावरच्या ओझ्यास मुळीच लावू नये. तिला धुऱ्यावर बसून जुड्या वेगळ्या करण्याचे काम देता येते आणि मजुरी कापण्याचे कारण नाही.

ओझ्यांचा विषय पुरुषांचा. क्विंटलचे पोते पाठीवर घेणाऱ्या हमालाच्या गोष्टी आपण लहानपणी कौतुकाने ऐकल्या. जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ मध्ये एका माणसाने वाहावयाच्या ओझ्याविषयी करार केला, आणि त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही कमाल मर्यादा सांगितली. भारताने तो करार २०१० मध्ये मान्य केला. अमेरिकेतील कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये जे गणित बसविले त्यात तर सर्व परिस्थिती उत्तम असताना, म्हणजे ओझे अंगालगत, कंबरेच्या उंचीजवळ व न पिळता उचलावयाचे असताना, २३ किलोंहून अधिक उचलू नये असे ठरते. आपला धानाचा कट्टा ४० किलोंचा. युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोंची झाली. ती खताच्या काटकसरीसाठी झाली, आपल्या पाठीच्या दयेने नव्हे, तरी पाच किलो उतरले ते उतरले.

कट्टा उचलताना गुडघ्यांतून उचलावा की कंबरेतून, यावर पुष्कळ वाद आहे. केवळ उचलण्याची रीत शिकविल्याने पाठदुखी टळते असे अनेक प्रयोगांअंती सिद्ध झालेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ज्याविषयी वाद नाही अशा गोष्टी थोड्या आहेत. ओझे अंगास जितके चिकटून, तितका ढेकीचा लांब दांडा आखूड होतो आणि पाठीचा भार उतरतो. उचलताना कंबर पिळू नये, वळावयाचे तर पाऊल फिरवून वळावे. जमिनीवरून उचलणे सर्वांत वाईट. म्हणून कट्टे जमिनीवर न रचता खाटेच्या किंवा ओट्याच्या उंचीवर रचावेत, आणि बंडी किंवा ट्रॉली थेट त्या ओट्याशी भिडवावी. आणि दोघांनी मिळून उचलावे. दोघांनी उचलण्यात कमीपणा मानणारा गडी चाळिशीनंतर एकटाही उचलू शकत नाही, असे आम्ही वारंवार पाहिले आहे.

डोक्यावरच्या ओझ्याविषयी एक नवल सांगण्याजोगे आहे. १९८६ मध्ये आफ्रिकेतील केनिया देशाच्या लुओ व किकुयू बायांवर प्रयोग झाला. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझे घेऊन चालताना त्यांस मोकळ्या चालण्याहून अधिक श्रम पडत नाहीत, असे श्वासाच्या मोजणीवरून दिसले. म्हणजे पन्नास किलोंच्या बाईस दहा किलो. त्यापुढे मात्र श्रम वाढत जातात, आणि त्या बाया लहानपणापासून सरावलेल्या होत्या हे विसरता कामा नये. आपल्याकडील पाण्याची गुंडी किंवा ओल्या पऱ्ह्यांची पाटी दहा किलोंवर कधीच जाते. चुंबळ जाड असावी, नजर समोर असावी, आणि ओझे चढविताना व उतरविताना दुसऱ्याचा हात असावाच. मान लचकते ती चालताना कमी, चढविता-उतरविताना अधिक.

कापणीविषयी थोडक्यात. बोथट विळ्याने कापणारा मनुष्य धानाची मूठ अंगाकडे ओढतो आणि प्रत्येक ओढीस कंबर झटका खाते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी 'वैभव' विळा वजनास हलका असून करवतीप्रमाणे सरकत कापतो. त्यास वारंवार पाजवावेही लागत नाही. कापणीच्या वेळी बांधी सुकलेली असते, तेव्हा काही वेळ ओणव्याने व काही वेळ उकिडवे बसून कापावे. उकिडवे बसणे वाईट नाही, परंतु तेही दिवसभर नको. चीनच्या राजधानीतील वृद्धांची पाहणी झाली तेव्हा तरुणपणी रोज पुष्कळ वेळ उकिडवे बसत आलेल्यांत गुडघ्यांची झीज अधिक आढळली. एकच आसन धरून राहणे हाच दोष. कोणतेही एक आसन निर्दोष नाही.

घरातील कामे याच न्यायाने तपासावीत. आखूड खराट्याने अंगण झाडणारी बाई रोवणीइतकीच वाकते. खराट्यास हातभर बांबूचा दांडा बांधला की ती उभ्याने झाडते. चूल, पाटा-वरवंटा, भांडी घासण्याची मोरी ही सारी जमिनीलगत. ओटा बांधणे शक्य असेल तेथे बांधावा, नसेल तेथे निदान बसावयास चार बोटे उंच पाट द्यावा. हे लिहिताना आम्हांस जाणीव आहे की दिवसभर रोवून आलेली बाई घरी येऊन पुन्हा चुलीपुढे वाकते आणि पुरुष खाटेवर पाठ टेकतो. त्या अर्ध्या तासात तिनेही उताणे निजून पोटऱ्या खाटेवर किंवा पोत्यावर ठेवाव्यात, भाकरी थोडी उशिरा झाली तरी चालेल.

स्वतः नांगर न धरता ट्रॅक्टर चालविणारे वाचक असे समजतील की हा लेख त्यांच्यासाठी नाही. ट्रॅक्टरच्या बैठकीचे हादरे कंबरेस बाधतात, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. त्यातच रोटाव्हेटरकडे लक्ष ठेवावयास चालक तासन्‌तास मान व कंबर एकाच बाजूस वळवून बसतो. बैठकीची कमान आपल्या वजनाप्रमाणे घट्ट-सैल करावी, गादी फाटली असल्यास बदलावी, वळून पाहण्याची बाजू फेरीगणिक बदलावी, आणि उतरताना उडी मारू नये. हादऱ्यांनी सैल झालेल्या कण्यास उडीचा धक्का फार लागतो. मोबाईलवर मान खाली घालून बसणाऱ्या मुलांविषयी पालकांची तक्रार खरी आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय होईल.

सवय बदलणे मात्र सांगण्याइतके सोपे नाही. टास्मानियात १८६९ मध्ये जन्मलेले फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर हे गृहस्थ रंगमंचावर काव्यवाचन करीत. त्यांचा आवाज वारंवार बसे, आणि वैद्यांस कारण सापडेना. त्यांनी आरशापुढे उभे राहून स्वतःस न्याहाळले, तेव्हा बोलण्यापूर्वी आपण मान मागे खेचून गळा दाबतो असे त्यांस दिसले. मान सरळ केली आहे असे त्यांस वाटे, आणि आरसा मात्र ती वाकडीच दाखवी. अनेक वर्षांच्या सवयीने वाकडे तेच सरळ वाटू लागते, हा त्यांचा शोध. त्यांच्या पद्धतीने शिकविलेल्या जुन्या पाठदुखीच्या लोकांवर इंग्लंडात झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे महिन्यातील दुखण्याचे दिवस पुष्कळ घटले. एकोडीत तसा शिक्षक कोठून आणावा? परंतु ज्याच्या खिशात मोबाईल आहे त्याच्याजवळ आरसा आहे. रोवणाऱ्या, पोते उचलणाऱ्या माणसाचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण, अर्थात त्याच्या संमतीने, बाजूने घ्यावे आणि त्यास दाखवावे. 'मी इतका वाकतो?' असे तो स्वतःच म्हणेल.

अंगात ताकद असणे हाही एक उपाय आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. त्या नमस्कारात पाठीस पुढे व मागे दोन्ही बाजूंस वळण मिळते. आपल्या कामात मात्र पुढचेच वाकणे आहे. म्हणून रोवणीच्या दिवसांत नवे व्यायाम काढू नयेत, पालथे निजून छाती तळहातांवर उचलणे एवढेच आठ-दहा वेळा करावे, तेही सकाळी उठल्याबरोबर नव्हे, तर सायंकाळी. पूर्ण व्यायामास उन्हाळा आहे. शेतीची कामे नसलेल्या त्या तीन महिन्यांत अंग ढिले पडते आणि मृगानंतर एकदम त्यावर बोजा येतो. उन्हाळ्यात रोज चालणे, बैठका, थोडे उचलणे चालू ठेवले तर हा एकदम बसणारा झटका बसत नाही.

एवढे करूनही कंबर धरलीच तर काय करावे? पूर्वी आठ-आठ दिवस अंथरुणावर पडून राहावयास सांगत. आता वैद्य तसे सांगत नाहीत. एक-दोन दिवस जड काम सोडावे, शेक घ्यावा आणि चालते-फिरते राहावे. बहुतेक दुखणी काही आठवड्यांत आपोआप वळणावर येतात. पायाळू माणसाकडून पाठीस लाथ मारून घेण्याची आपल्याकडील चाल मात्र सोडून द्यावी. साध्या उसणीस ती कदाचित निरुपद्रवी असेल, परंतु कूर्चा सरकलेली असल्यास तो लत्ताप्रहार माणसास अधू करील. कळ पायातून खाली टाचेपर्यंत जाऊन पाय लुळा पडू लागला, पंजा उचलेनासा झाला, दुखण्यासोबत ताप किंवा विनाकारण वजन घटणे दिसले, किंवा पडल्यानंतर दुखू लागले, तर तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे. आणि लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचाचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतील बाजूस बधिरता आली, तर रोवणी अर्धी टाकून, रात्र असली तरी गाडी करून, त्याच दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे. अशा वेळी काही तासांच्या विलंबानेही ती बधिरता जन्मभराची होऊ शकते.